लिनक्सवर अपडेट कधी मारायचे: आल्या आल्या, की जरा थांबून?

शेंडेफळ

नमस्कार मंडळी. लॅपटॉपवर उबुंटू २४.०४ आहे. शिवाय एका जुन्या डेस्कटॉपवर डेबियन १२ टाकून त्याचा छोटा सर्व्हर केलाय. त्यावर फाइल सिंक, फोटोंचं एक वेब ॲप आणि बाहेरून आत शिरायला एसएसएच. लॅपटॉप रोज हाताखाली असतो. सर्व्हरकडे काही बंद पडल्याशिवाय मी ढुंकूनही बघत नाही.

प्रश्न कमांडचा नाही, अपग्रेड मारता येतं. प्रश्न 'कधी' हा आहे. एक पंथ म्हणतो, अपडेट आला की लगेच घ्या, नाहीतर मशीन गेलंच म्हणून समजा. दुसरा म्हणतो, नवा अपडेट आधी दुसऱ्यांच्या मशीनवर मुरू द्या. दोन्हीकडचे लोक अनुभवी आणि तितकेच ठाम. तुम्ही स्वतः ठरवता कसं? काय दिसलं की 'आत्ताच' म्हणता, आणि काय दिसलं की 'रविवारी बघू'?

जुनंतेसोनं

चालतंय ना? मग हात लावू नका. विषय संपला.

मूळपुरुष

विषय आत्ता कुठे सुरू झालाय :)

शेंडेफळ, आधी यादी वाचायची सवय लावा, निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. 'ॲप्ट' हे पॅकेज बसवण्याचं साधन. त्यातलं 'ॲप्ट अपडेट' काहीही इन्स्टॉल करत नाही, फक्त ताजी यादी आणतं. ते रोज चालवलं तरी कुणाचं काही जात नाही. मग 'ॲप्ट लिस्ट' ला 'अपग्रेडेबल' हा पर्याय लावून चालवा. प्रत्येक ओळीत पॅकेजच्या नावापुढे तिरपी रेघ आणि ते कुठून आलं ते असतं. तिथे 'नोबल-सिक्युरिटी' ('नोबल' हे २४.०४ चं टोपणनाव) दिसतंय का बघा (बऱ्याचदा 'नोबल-अपडेट्स' च्या जोडीने असतं). दिसलं तर सुरक्षेची दुरुस्ती. नुसतं 'नोबल-अपडेट्स' असेल तर साधी दोषदुरुस्ती.

दुसरी गोष्ट, ते पॅकेज कुणासमोर उघडं आहे. ब्राउझर, एसएसएच, वेब सर्व्हर, ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी), कर्नल (प्रणालीचा गाभा) यांची सुरक्षा-दुरुस्ती मी त्याच दिवशी घेतो. ऑफिस सूटचा शब्दकोश किंवा प्रिंटरचं ड्रायव्हर आठवडाभर पडून राहिलं तर आभाळ कोसळत नाही. सगळ्या यादीला एकच नियम लावायला गेलं की डोकं फिरतं.

आणि काय बदललंय ते वाचायचं असेल तर 'ॲप्ट चेंजलॉग' पुढे पॅकेजचं नाव. दोन-चार ओळी असतात, पण त्यातच कळतं की ही एका भोकाची बुजवणी आहे की मोठा फेरबदल.

रात्रपाळी

@जुनंतेसोनं, 'चालतंय ना' हे भिंतीवरच्या घड्याळाला ठीक आहे. ज्या मशीनचं एक पोर्ट अख्ख्या जगाला उघडं आहे ते 'चालतंय' म्हणजे नेमकं कुणासाठी चालतंय, हे बाहेरून बघून कळत नाही.

हार्टब्लीड आठवा, ओपनएसएसएलमधलं ते गाजलेलं भोक. ७ एप्रिल २०१४ ला जाहीर झालं. डेबियनने दुरुस्ती त्याच दिवशी काढली. भोक मात्र ओपनएसएसएल १.०.१ मध्ये २०१२ पासून होतं. म्हणजे दोन वर्षं सगळ्यांचं 'चालत' होतं. खरा धोका जाहीर झाल्यानंतर वाढतो, कारण दुरुस्तीचा कोड उघडा असतो आणि तो वाचून भोक कुठे होतं ते कुणालाही कळतं. त्या क्षणापासून तुम्ही आणि हल्लेखोर यांच्यात शर्यत सुरू. सुरक्षा-दुरुस्ती 'मुरू द्यायची' म्हणजे या शर्यतीत मागे उभं राहायचं.

जुनंतेसोनं

हार्टब्लीडचं उदाहरण तुम्हीच दिलंत ते बरं झालं. ज्यांच्याकडे तेव्हा जुनं डेबियन स्क्वीझ होतं, त्यात ओपनएसएसएल ०.९.८ होतं आणि त्यात हे भोक नव्हतंच! जे हौसेने नवीन आवृत्तीवर गेले तेच सापडले. जुनं ते सोनं, उगाच नाव घेतलेलं नाही.

आणि एक्सझेडचं काय? तिथे तर अपडेटमधूनच विष आलं.

काळीखिडकी

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

रात्रपाळी

मुद्दा बिनतोड आहे, पण तो माझ्याच बाजूने जातो. कसं ते सांगतो.

एक्सझेडची गोष्ट ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एक्सझेड युटिल्स या फाइल कॉम्प्रेस करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये मागचं दार लपवलेलं होतं, आणि त्याचा रोख एसएसएच सर्व्हरवर होता. आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या डेटाबेसचे एक डेव्हलपर. त्यांना एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, त्यांनी खणून काढलं आणि २९ मार्च २०२४ ला जाहीर केलं. त्या वेळी या आवृत्त्या पोचल्या होत्या कुठे? डेबियन टेस्टिंग आणि अनस्टेबल, फेडोरा रॉहाइड आणि ४० ची बीटा, ओपनसुसे टंबलवीड, अशा आघाडीवरच्या ठिकाणी. डेबियन स्टेबलमध्ये ५.४ मालिकेतली आवृत्ती होती. त्यांना काही झालं नाही.

आता दोन्ही घटना शेजारी ठेवा. 'अपडेट' या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात: मूळ प्रकल्पाची नवी आवृत्ती, आणि आहे त्याच आवृत्तीवर मारलेलं ठिगळ. नव्या आवृत्तीत नवा कोड येतो, नवे दोष येतात, क्वचित एक्सझेडसारखं काहीतरी येतं. तिला मुरू देण्यात शहाणपण आहे. ठिगळ मात्र जाहीर झालेल्या भोकावर असतं, त्याला उशीर करून काही मिळत नाही.

डेबियन स्टेबल किंवा उबुंटू एलटीएस (दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारी आवृत्ती) वापरणाऱ्याने हे लक्षात घ्यावं की 'मुरू देण्याचं' काम वितरणाने आधीच केलेलं आहे. हार्टब्लीडच्या वेळी डेबियन व्हीझीने (तेव्हाची स्टेबल आवृत्ती) नवी ओपनएसएसएल आणलीच नाही, १.०.१ई ही आवृत्ती तशीच ठेवून दुरुस्ती तिच्यात मागे आणून बसवली, आणि शेपटीला फक्त 'डेब७यू५' लागलं. म्हणून तुमच्या सर्व्हरवर सिक्युरिटीतून जे येतं ते बहुतेक वेळा ठिगळच असतं. त्यावर आणखी तीन आठवडे थांबलात तर तुम्ही नव्या कोडपासून वाचत नाही, फक्त जुनं भोक उघडं ठेवता.

(अपवाद आहेत. फायरफॉक्स आणि क्रोमियमसारख्यांची ठिगळं मागे नेणं डेबियनलाही झेपत नाही, तिथे नवी आवृत्तीच येते. पण ब्राउझरला थांबणं हा पर्यायच नाही.)

मूळपुरुष

+१. आणि त्या 'डेब७यू५' मुळे एक वेगळीच गंमत होते. बाहेरून आवृत्ती बघून अहवाल देणारे स्कॅनर 'तुमचं ओपनएसएसएल जुनं आहे' म्हणून बोंब मारतात. आतलं ठिगळ त्यांना दिसत नाही. नवशिके मग घाबरून स्वतः कंपाइल करायला बसतात आणि वितरणाच्या संरक्षणातून बाहेर पडतात.

कमानदार

सगळे डेबियनच्या चष्म्यातून बोलताय म्हणून आर्चची बाजू मांडतो. आमच्याकडे ठिगळ आणि नवी आवृत्ती असा भेद जवळपास नाहीच, सगळं एकाच प्रवाहात येतं. आणि अर्धवट अपग्रेड चालत नाही. म्हणजे यादी आणायची पण सगळं अपग्रेड न करता एकच पॅकेज टाकायचं, हे आर्चमध्ये अधिकृतपणे असमर्थित आहे. नवं पॅकेज नव्या लायब्ररीवर बांधलेलं असतं, तुमच्याकडे जुनी लायब्ररी, की झाला घोळ. त्यामुळे 'हे आत्ता, ते रविवारी' अशी निवड आम्हाला नाही. निवड फक्त दिवसाची.

माझा दिवस ठरतो तो असा: हाताशी तासभर आहे का, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाला काही दाखवायचंय का. दाखवायचं असेल तर अपडेट नाही. आठवड्यातून एकदा साधारण बसतो. त्याआधी आर्चच्या मुख्य पानावरच्या बातम्या बघतो. बहुतेक वेळा काही नसतं, पण ऑगस्ट २०२२ मध्ये ग्रब या बूटलोडरचा अपडेट आला तेव्हा काहींची मशीन बूट होईनात, आणि ग्रब पुन्हा इन्स्टॉल करून कॉन्फिगरेशन नव्याने तयार करा अशी सूचना त्याच पानावर आली.

जास्त थांबलं तर मात्र आर्च सूड उगवतं. महिनोन्‌महिने न उघडलेलं मशीन अपडेट करायला गेलात तर पॅकेजवरच्या सह्या पटत नाहीत, कारण किल्ल्यांचा संच शिळा झालेला असतो. आधी कीरिंगचं पॅकेज, मग बाकी सगळं. शिवाय इतके बदल एकदम येतात की काही फुटलं तर नेमकं कशामुळे ते शोधताना नाकी नऊ येतात. थोडे थोडे बदल घेतले तर गुन्हेगार लवकर सापडतो.

आणखी एक, हे नव्या माणसाला हमखास चकवतं. आर्चवर कर्नल अपडेट झाला की चालू कर्नलचे मॉड्यूल डिस्कवरून जातात, त्यांच्या जागी नव्याचे येतात. रीबूट न करता काम चालू ठेवलंत आणि तासाभराने पेनड्राइव्ह खोचलात. दिवा लागतो, माउंट मात्र होत नाही. फाइलसिस्टिमचं मॉड्यूल लागतं, ते तोवर लोड झालेलं नव्हतं, आणि ज्या फोल्डरमध्ये ते शोधलं जातंय तो आता अस्तित्वातच नाही. लोक पोर्ट बदलतात, पेनड्राइव्हला शिव्या घालतात. 'यूनेम' ने चालू आवृत्ती बघा आणि मॉड्यूलच्या फोल्डरची नावं बघा. जुळत नसतील तर रीबूट.

शेंडेफळ

भरपूर मिळालं, धन्यवाद. मधेच एक छोटी शंका. लॅपटॉपवर आत्ता अपग्रेड मारलं तर काही पॅकेज 'फेजिंगमुळे पुढे ढकलली' असं सांगतोय. काही तुटलंय का? जबरदस्तीने घेऊ का?

मूळपुरुष

काही तुटलेलं नाही, आणि जबरदस्ती करू नका. उबुंटू साधे अपडेट टप्प्याटप्प्याने सोडतं. आधी थोड्या मशीनना, मग हळूहळू सगळ्यांना. तुमचा नंबर कुठल्या टप्प्यात ते मशीनच्या ओळख-क्रमांकावरून ठरतं. सुरुवातीच्या मशीनकडून क्रॅशचे अहवाल वाढले तर पुढचा पुरवठा थांबवतात. जुन्या आवृत्त्यांमध्ये नुसतं 'मागे ठेवली' असं यायचं आणि लोक हबकून जायचे, आता निदान कारण लिहितात.

सुरक्षेचे अपडेट या रांगेत नसतात, ते सगळ्यांना एकदम मिळतात. म्हणजे रात्रपाळी जे म्हणताहेत तोच भेद उबुंटूने यंत्रणेतच घालून ठेवलाय.

उंबरठा

इथवर सगळं पटलं, पण 'स्टेबल म्हणजे ठिगळ, ठिगळ म्हणजे निर्धास्त घ्या' हे जरा जास्तच गुळगुळीत वाटतंय. डेबियन १२.३ आठवतंय का कुणाला?

९ डिसेंबर २०२३. १२ चा तिसरा पॉइंट रिलीज (साठलेल्या दुरुस्त्यांचा एकत्र संच) बाहेर पडत होता. त्यातल्या ६.१.६४ कर्नलमध्ये ईएक्सटी४ फाइलसिस्टिमवरचा डेटा खराब करणारा दोष निघाला. डेबियनने इमेज थांबवल्या आणि सरळ सांगितलं की सध्या मशीन अपडेट करू नका, आपोआप अपडेट लावून ठेवणाऱ्यांनी विशेष जपा. दुसऱ्याच दिवशी दुरुस्त कर्नल घेऊन १२.४ आलं. म्हणजे आल्या आल्या घेणारा सापडला आणि एक दिवस आळस केलेला वाचला. तेही आर्चवर नाही, डेबियन स्टेबलवर, आणि ईएक्सटी४ सारख्या रोजच्या फाइलसिस्टिमवर.

माझा नियम त्यामुळे असा: सिक्युरिटी भांडारातून आलेलं लगेच. पॉइंट रिलीजमधून आलेलं दोन-तीन दिवसांनी. कर्नल असेल तर बातम्यांवर नजर टाकून.

रात्रपाळी

हे मान्य. कर्नल वेगळा धरलाच पाहिजे, त्याचा दोष थेट डेटावर जातो. पण त्याच घटनेत आणखी एक गोष्ट होती: कर्नल इन्स्टॉल होणं आणि चालू होणं यात रीबूट असतो. ज्यांनी पॅकेज घेतलं पण रीबूट केलं नाही, त्यांच्या डिस्कला तो कर्नल लागलाच नाही. जुना कर्नल ग्रबच्या मेनूत शिल्लक असतो, त्यातून उठायचं आणि नवा काढून टाकायचा.

याचीच उलटी बाजू जास्त महत्त्वाची, आणि ती कुणी बोलत नाही. अपडेट इन्स्टॉल झाला म्हणजे लागू झाला असं नाही.

लायब्ररी बदलली जाते ती डिस्कवर. आधीपासून चालू असलेली प्रोसेस जुनी प्रत मेमरीत धरून बसते. ती फाइल डिस्कवरून पुसली गेली तरी त्या प्रोसेससाठी जिवंतच. तुम्ही ओपनएसएसएलचं ठिगळ घेतलं, टर्मिनलवर सगळं नीट झालं, तुम्ही समाधानाने चहा प्यायला गेलात, आणि एनजिनएक्स हा वेब सर्व्हर पुढचे तीन महिने भोक असलेल्या प्रतीवरच चालतोय. 'एलएसओएफ' (उघड्या फाइली दाखवणारी कमांड) चालवून 'डिलीटेड' हा शब्द शोधा, अशा प्रोसेस नावासकट सापडतात. हार्टब्लीडच्या वेळी डेबियनला हे इतकं जाणवलं की पहिल्या दुरुस्तीमागोमाग 'डेब७यू६' काढावा लागला. त्यात वेगळं काय, तर कुठल्या सर्व्हिस रीस्टार्ट करायच्या ते शोधून विचारणारी तपासणी.

आता यासाठी 'नीडरीस्टार्ट' आहे. उबुंटू सर्व्हरच्या एलटीएस आवृत्त्यांत ते २२.०४ पासून मुळातच असतं. २२.०४ वर अपग्रेड संपता संपता जांभळ्या पडद्यावर सर्व्हिसची यादी येते तेच ते. लोक एस्केप दाबून पळ काढतात. पळू नका, वाचा. डेबियनवर वेगळं टाकावं लागतं, तुमच्या सर्व्हरवर आजच टाका. फेडोरात डीएनएफचं 'नीड्स-रीस्टार्टिंग', ओपनसुसेत 'झिपर पीएस'. आणि उबुंटूवर 'व्हार-रन' मध्ये 'रीबूट-रिक्वायर्ड' नावाची फाइल आली असेल तर पूर्ण रीबूट बाकी आहे.

म्हणून 'अपडेट कधी' या प्रश्नाचं माझं खरं उत्तर 'रीस्टार्ट कधी परवडतो' हे आहे. पॅकेज केव्हाही घ्या. सर्व्हिस खाली-वर करायची वेळ निवडा. ज्याने वेळ राखून ठेवलेली नाही त्याचा अपडेट अर्धाच असतो.

काळीखिडकी

एकशे वीस दिवसांचा अपटाइम मिरवणाऱ्यांनी हा प्रतिसाद वाचू नये.

वाटसरू

फेडोराच्या डेस्कटॉपवर म्हणूनच 'रीस्टार्ट करून अपडेट' असतं. विंडोजची नक्कल म्हणून लोक नाकं मुरडतात, पण कारण हेच: चालू प्रोग्रॅमच्या पायाखालची सतरंजी ओढायची नाही. मशीन आधी एका मोकळ्या अवस्थेत उठतं, तिथे पॅकेज बसवतं आणि पुन्हा बूट होतं.

जुनंतेसोनं

बरं, मग स्वयंचलित लावून टाका सगळं आणि झोपा, असंच ना? ८ मार्च २०२३ ला डेटाडॉग या सर्व्हरवर देखरेख करणाऱ्या कंपनीचं काय झालं ते वाचा मग.

रात्रपाळी

वाचलंय, आणि ते प्रत्येकाने वाचावं. त्यांनी स्वतःच सविस्तर लिहिलंय. उबुंटू २२.०४ वर सिस्टिमडीचा (सर्व्हिस चालू-बंद करणारी यंत्रणा) सुरक्षा-अपडेट आपोआप लागला, त्यात सिस्टिमडीची नेटवर्क सर्व्हिस रीस्टार्ट झाली, आणि रीस्टार्ट होताना कंटेनरांसाठी टाकलेले नेटवर्कचे मार्ग पुसले गेले. हजारो मशीन नेटवर्कवरून गायब. वेगवेगळे क्लाउड, वेगवेगळे विभाग, तरी एकाच वेळी. कारण आपोआप अपडेटची ठरलेली वेळ सगळीकडे तीच: सकाळी ६, वर तासाभराच्या आत कुठेही.

यातून मी 'स्वयंचलित वाईट' असा अर्थ काढत नाही. सगळी मशीन एकाच वेळी हे वाईट. दहा मशीन असतील तर आधी एक, दुसऱ्या दिवशी तीन, मग उरलेली. टायमरची वेळ बदलणं दोन ओळींचं काम आहे.

शेंडेफळचा एकच सर्व्हर आहे आणि ते स्वतःच सांगताहेत की ढुंकूनही बघत नाहीत. अशा मशीनला माणसाच्या शिस्तीवर सोडणं हाच सगळ्यात मोठा धोका. 'अनअटेंडेड-अपग्रेड्स' (आपोआप अपडेट घेणारं पॅकेज) लावा. फक्त डेबियनवर त्याचं मूळ कॉन्फिगरेशन सिक्युरिटीबरोबर पॉइंट रिलीजमधलंही घेतं. उंबरठा म्हणतात तशी सावधगिरी हवी असेल तर त्या फाइलमध्ये सिक्युरिटीची ओळ तेवढी ठेवा आणि 'लेबल डेबियन' वाली ओळ टिप्पणीत टाका. आपोआप रीबूटचा पर्यायही तिथेच आहे, वेळेसकट. तो मुळात बंद असतो. कुणी वापरत नसेल अशी वेळ द्या.

उंबरठा

रीबूट आपोआप? डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर मशीन पासफ्रेझ मागत बसेल आणि तुम्ही बाहेर.

रात्रपाळी

बरोबर. एन्क्रिप्ट केली असेल तर रीबूट हाताने, मशीनजवळ असताना. ते आधी सांगायला हवं होतं.

वाटसरू

सगळे 'कधी' वर बोलताहेत. माझ्या मते 'परत कसं फिरायचं' हे ठरलं की 'कधी' चा अर्धा ताण जातो.

लॅपटॉपवर टाइमशिफ्ट टाका, अपग्रेडच्या आधी एक स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या प्रणालीची प्रत). ओपनसुसे बीटीआरएफएस फाइलसिस्टिमवर असेल तर स्नॅपर हे आपसूक करतं, प्रत्येक झिपर व्यवहाराच्या आधी आणि नंतर. बिघडलं तर बूट मेनूतून कालच्या अवस्थेत. फेडोरा सिल्व्हरब्लूवर आख्खी प्रणालीच एका प्रतिमेसारखी, आधीची प्रतिमा मेनूत शिल्लक. हे असलेला माणूस मंगळवारी दुपारीसुद्धा बिनधास्त अपडेट मारतो. नसलेल्याने शुक्रवारी रात्रीही मारू नये.

दोन खाचखळगे. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो, त्यामुळे तो बॅकअप नाही. आणि डेटाबेसची फाइल त्या स्नॅपशॉटमध्ये येत असेल तर मागे गेल्यावर मधल्या नोंदीही मागे जातात. डेटा वेगळ्या विभागात ठेवा.

अवांतर: बूटचं वेगळं विभाजन लहान असेल तर जुन्या कर्नलांनी भरतं आणि अपग्रेड मधेच अडकतं. फेडोरा आपणहून तीनच ठेवतं. ॲप्टवाल्यांनी 'ऑटोरिमूव्ह' चालवत राहावं, पण एक चालणारा जुना कर्नल नेहमी शिल्लक हवा.

कमानदार

एनव्हिडियावाल्यांनी तर हवाच. कर्नल पुढे गेला आणि ड्रायव्हरचं मॉड्यूल त्यावर बांधलं गेलं नाही, की काळा पडदा. आम्ही शेजारी 'लिनक्स-एलटीएस' ठेवतो.

निळीशाई

नवी सदस्य आहे, चूक असेल तर सांगा. मी रोज दोन-तीनदा अपडेट बघते, आणि प्रत्येक सीव्हीई (जाहीर झालेल्या भोकाची क्रमांकित नोंद) वाचायचा प्रयत्न करते. कर्नलचे इतके येतात की दमायला होतं. सगळे तितकेच गंभीर असतात का?

मूळपुरुष

ताई, थांबा, दमून जाल. फेब्रुवारी २०२४ पासून कर्नलचा चमू स्वतःच सीव्हीई क्रमांक देतो, आणि त्यांचं धोरण असं की सुरक्षेशी संबंध असू शकेल अशा जवळजवळ प्रत्येक दुरुस्तीला क्रमांक. त्यामुळे संख्या फुगली. त्यातले पुष्कळसे अशा ड्रायव्हरमधले असतात जो तुमच्या मशीनवर लोडही होत नाही. एकेक वाचू नका. वितरणाने कर्नल काढला की घ्या आणि त्या आठवड्यात रीबूट करा. घाई करायची ती एखादं भोक प्रत्यक्ष हल्ल्यात वापरलं जातंय असं कळल्यावर. अमेरिकेच्या सिसा या सरकारी संस्थेची अशा भोकांची यादी आहे, २०२१ पासून. त्यात लिनक्स कर्नलचं नाव दिसलं की मग रविवारची वाट बघायची नाही.

शेंडेफळ

सर्व्हरवर नीडरीस्टार्ट टाकलं, आणि पहिल्याच फटक्यात चार सर्व्हिस जुन्या लायब्ररीवर चालू असल्याचं सांगितलं. एसएसएच त्यात होतं! ते रीस्टार्ट करताना माझं चालू कनेक्शन तुटेल म्हणून आधी हात थरथरत होता, पण काही झालं नाही.

रात्रपाळी

चालू सत्र तुटत नाही, नव्या जोडण्या नव्या प्रोसेसकडे जातात. तरी शिस्त म्हणून दुसऱ्या खिडकीतून लॉगिन होतंय हे बघितल्याशिवाय पहिली बंद करू नका. आणि दूरच्या मशीनवर मोठं अपग्रेड नेहमी टीमक्समध्ये (जोडणी तुटली तरी सत्र चालू ठेवणारं साधन) चालवा. एरवी मधेच नेट गेलं तर डीपीकेजी (ॲप्टच्या खालचं, पॅकेज प्रत्यक्ष बसवणारं साधन) अर्ध्यावर लटकतं, मग 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' करत बसा.

शेंडेफळ

शेवटचं एक. अपग्रेड करताना कॉन्फिगरेशन फाइलबद्दल विचारलं, तुमची ठेवू की पॅकेजची घेऊ. काहीच न कळल्याने मूळ पर्याय म्हणून एन दाबलं. आणि ते फोटोंचं वेब ॲप, ते डॉकरमध्ये (ॲप वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं साधन) आहे. ते या सगळ्यात आपोआप अपडेट होतंय ना?

मूळपुरुष

एन ठीकच. तुमची फाइल जशीच्या तशी राहते, पॅकेजची नवी फाइल शेजारी 'डीपीकेजी-डिस्ट' शेपटीने पडते. सवडीने दोन्हींत फरक बघा. प्रश्न समोर असताना डी दाबलं तर तिथेच फरक दिसतो. आर्चमध्ये याच कामाला 'पॅकन्यू' फाइली असतात, आणि कमानदार त्यांच्याबद्दल सोयीस्कर गप्प बसलेत.

कमानदार

बघतो हो, बघतो.

रात्रपाळी

डॉकरचं उत्तर: नाही. आणि तुमच्या सर्व्हरवरचं सगळ्यात उघडं भोक बहुधा तेच.

कंटेनरच्या आत स्वतःच्या लायब्ररी असतात. बाहेर तुम्ही ओपनएसएसएल शंभरदा अपग्रेड केलं तरी आतली प्रत इमेज (कंटेनरचा साचा) बनली त्या दिवशीची. तिला अनअटेंडेड-अपग्रेड्स हात लावत नाही, नीडरीस्टार्टला ती धड दिसत नाही. इमेज पुन्हा पुल करायची आणि कंटेनर नव्याने तयार करायचा, नुसतं रीस्टार्ट केलं तर जुन्याच इमेजवर उठतो. 'लेटेस्ट' टॅग लावला म्हणून काही आपोआप होत नाही, तो फक्त पुल करता त्या क्षणी ताजं काय ते सांगतो.

पण इथे 'आल्या आल्या घ्या' हा माझा नियम मी स्वतःच मोडतो, कारण इथे ठिगळ नसतं, नवी आवृत्तीच येते. फोटो ॲपच्या प्रकाशन-टिपा वाचा, डेटाबेसचं स्थलांतर आहे का बघा, डेटाबेसचा डंप काढा, मग पुल. त्या ॲपमागे पोस्टग्रेसचा कंटेनर असेल तर त्याला 'लेटेस्ट' कधीच नको. मोठी आवृत्ती बदलली की तो जुनी डेटा-डिरेक्टरी उघडायला सरळ नकार देतो. १५ वर असाल तर '१५' असाच टॅग ठेवा. तेव्हा त्या मालिकेतल्या दुरुस्त्या पुल केल्यावर मिळतील, आणि १६ वर उडी कधी मारायची ते तुम्ही ठरवाल. तुमची कंपोज फाइल (कंटेनरांची मांडणी लिहिलेली) इथे टाका, पासवर्ड काढून. कुठल्या ओळीत 'लेटेस्ट' आहे ते बघू.

शेंडेफळ

दोन्ही ओळींत आहे. आधी डंप काढतो, मग टाकतो.